नापास होणारी चाचणी

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात नवी ओळख झाली आणि 'वहिनी, तुम्ही काय करता?' असं विचारलं, की फ्रिस्कोत एक उत्तर हमखास येतं, 'टेस्टिंग.' त्यापुढे कुणी काही विचारत नाही. 'अच्छा, क्यूए का!' म्हणून माणसं बटाटेवड्याकडे वळतात. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही तो टेस्टिंग करतो, आणि ज्या बाईच्या नोकरीत दहा वर्षांचा खंड पडला तिनं करण्याजोगं तेवढंच उरतं, असा एक समज घराघरांत आहे. आमच्या घरांतही होता. आम्ही चौघी हेच काम करतो, तेव्हा ते नेमकं काय असतं हे एकदा लिहून टाकावं असं ठरलं. संपादकांनी चार पानं दिली आहेत.

आम्ही म्हणजे एक सांगलीची, एक नागपूरची, एक डोंबिवलीची आणि एक पुण्याची. चौघींची गोष्ट थोड्याफार फरकानं सारखीच. तिकडे इंजिनिअरिंग किंवा एमसीए, दोन-चार वर्षं नोकरी, मग लग्न, एच-फोर व्हिसा, पोरं, आणि पासपोर्टाशेजारी ठेवलेली पदवीची प्रमाणपत्रं. मे २०१५मध्ये नियम आला की नवऱ्याचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल, तर एच-फोरवरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येईल. आमच्यापैकी दोघींची कार्डं त्यानंतर आली, दोघींची बरीच उशिरा. कार्ड हातात आलं आणि कळलं की शिकलेलं जुनं झालंय.

शनिवारी मुलं मराठी शाळेत असतात तेवढे दोन तास आम्ही गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसतो. मार्च २०२३पासून हे वाचनालय डॅलस पार्कवेवर ज्या इमारतीत आहे, तिथे पूर्वी बील एअरोस्पेस नावाची रॉकेटं बनवू पाहणारी कंपनी होती. ती २०००मध्ये बंद पडली. आता आत टी-रेक्स डायनासोरचा सांगाडा उभा आहे. फसलेल्या गोष्टींबद्दल बोलायला जागा तशी बरी आहे!

काय वाचायचं हा प्रश्न होता. पैसे घेऊन शिकवणारे क्लास मुलाखतीचे प्रश्न पाठ करून घेतात. कंपनीचं काम घरी आणता येत नाही. नागपूरची म्हणाली, 'अगं, गिटच्या चाचण्या वाचू या. सगळ्या उघड्यावर आहेत, साध्या शेलमध्ये लिहिल्या आहेत, कुणाची परवानगी नको.' तेच ठरलं.

ज्येष्ठ वाचकांसाठी गिट म्हणजे काय ते सांगायला हवं. गावी जमीन असेल त्यांना सातबारा माहीत असतो, आणि त्यामागची फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, तीही माहीत असते. सातबारा आज काय आहे ते सांगतो. तो तसा कसा झाला, कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर, कधी आणि कशामुळे, हे फेरफार सांगतो. प्रोग्रॅमच्या मजकुराची अशी फेरफार वही ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे गिट. एप्रिल २००५मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते लिनक्ससाठी लिहायला घेतलं, कारण तोवर वापरात असलेल्या बिटकीपरची फुकट मिळणारी परवानगी काढून घेतली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं. आज आपल्यापैकी ज्यांच्या घरात कुणी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यांच्या घराचा हप्ता बहुधा या वहीत नोंदी करूनच फेडला जातो.

आता ही वहीच चुकली तर? म्हणून गिटबरोबर शेकड्यांनी चाचणी-स्क्रिप्टा येतात. प्रत्येकीला चार आकडी क्रमांक आहे आणि पहिल्या आकड्यावरून विभाग कळतो. चारपासून सुरू होणाऱ्या चाचण्या फरक दाखवण्याच्या, पाचच्या देवाणघेवाणीच्या, असं. स्क्रिप्ट एक खोटं भांडार तयार करते, त्यात नोंदी करते, आज्ञा चालवते, उत्तर ताडून पाहते आणि शेवटी 'ओके' किंवा 'नॉट ओके' छापते.

इतकं वाचून कुणीही म्हणेल, सोपं आहे. आम्हीही पहिल्या शनिवारी तसंच समजून बसलो होतो. पण शेल हा प्राणी मूळचा चाचणीसाठी घडवलेला नाही. एकामागून एक कामं उरकायला तो आहे, आणि एखादं काम फसलं तर तो थांबत नाही, पुढचं घेतो.

प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. डोंबिवलीच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि घरी एकट्या काय करायच्या म्हणून आमच्याबरोबर वाचनालयात येत. त्यांनी विणकाम बाजूला ठेवून विचारलं, 'शून्य म्हणजे पास? हे कुठलं शास्त्र?' शास्त्र असं, की नीट होण्याचा प्रकार एकच आणि बिघडण्याचे अनेक, म्हणून उरलेले सगळे आकडे बिघाडांसाठी. १२७ म्हणजे अशी आज्ञाच सापडली नाही. १२८च्या वरचा आकडा आला तर प्रोग्रॅम बहुधा मध्येच मारला गेला. १३९ म्हणजे नको त्या मेमरीला हात लावून कोसळला. हे आकडे ओळखू यायला लागले की कुंकवाच्या करंड्यावरून घर ओळखावं तसं होतं.

गडबड अशी, की पाच ओळींच्या स्क्रिप्टचा निकाल म्हणून शेल शेवटच्या ओळीचा आकडा देतो. पुरणपोळीचं घ्या. डाळ शिजवली, पाणी काढलं, गूळ घातला, पुरण वाटलं, ताट मांडलं. डाळ शिजलीच नाही, पण ताट व्यवस्थित मांडलं गेलं, तर शेलच्या मते पुरणपोळी झाली. म्हणून गिटच्या चाचण्यांत जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी && ही खूण असते. तिचा अर्थ, आधीचं जमलं तरच पुढचं. एक कडी तुटली की बाकीचं होत नाही आणि त्या तुटण्याचाच आकडा बाहेर येतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण डोंबिवलीची सोडून आम्हा सगळ्यांना पटलं.

यावर कुणी अनुभवी बंधू म्हणतील, स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट' आणि उणे 'ई' लिहा, पहिल्या चुकीला थांबेल. थांबतो, पण नेहमी नाही. आज्ञा 'इफ'च्या अटीत असली तर थांबत नाही, && च्या आधी असली तर थांबत नाही, आणि अशा जागेवरून एखादं फंक्शन बोलावलं तर त्या फंक्शनच्या पोटातही थांबत नाही. इतक्या सवलती पाठ ठेवण्यापेक्षा ओळीमागे दोन खुणा टंकलेल्या परवडतात, असं आमचं मत.

पण माणूस खूण विसरतो. विसरलेली खूण चाचणीला नापास करत नाही, उलट पास करायला मदत करते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं दिसत नाही. यावर २०१५मध्ये जेफ किंग यांनी काढलेली युक्ती आम्हाला सगळ्यात आवडली. प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला गुपचूप एक आज्ञा जोडायची, जी ११७ हा आकडा देऊन नापास होते. ११७ सहसा कुणी वापरत नाही. साखळी अखंड असेल तर पुढचं काहीच न चालता ११७ बाहेर येतो. कुठे कडी निसटली असेल तर त्यापुढच्या ओळी चालतात आणि दुसराच आकडा येतो, म्हणजे चोर सापडला. मंडळाच्या नाटकाआधी कुणी मुद्दाम चुकीचं वाक्य टाकून प्रॉम्प्टर जागा आहे का ते पाहावं, तसं हे. कंसातल्या उपशेलांत आणि लूपच्या पोटात मात्र ही युक्ती पोचत नव्हती. त्यासाठी एरिक सनशाइन यांनी २०१८मध्ये मजकूर वाचूनच तुटलेल्या कड्या शोधणारं साधन लिहिलं आणि २०२२मध्ये ते पर्लमध्ये नव्यानं लिहून काढलं.

लूपचं दुखणं थोडक्यात: पाच फाइलींवर तीच तपासणी फिरवली तर निकाल पाचवीचाच लागतो. बाईंनी हजेरी घ्यावी आणि शेवटच्या मुलाच्या 'हजर'वर सगळा वर्ग हजर मांडावा. म्हणून लूपच्या आत, फसलं तर तिथूनच परत फिर, असं लिहून ठेवावं लागतं.

आता पाइप, म्हणजे ती उभी दांडी. एका आज्ञेचं उत्तर दुसरीच्या हातात द्यायचं. गिटनं यादी काढायची, ग्रेपनं त्यातली हवी ती ओळ शोधायची. सोय मोठी आहे आणि आपण सगळेच दिवसभर वापरतो. पण पाइपचा निकालही शेवटच्या आज्ञेचाच. गिटनं हवी ती ओळ छापली आणि पुढच्या क्षणी ते कोसळलं, तरी ग्रेपला ओळ सापडली, शून्य, पास. ज्याची परीक्षा होती तो बेशुद्ध पडलाय आणि शेजाऱ्याचे गुण त्याच्या नावावर लागले आहेत. गिटच्या लेखकांचा नियम असा, की गिटची आज्ञा पाइपच्या उगमाशी ठेवायची नाही. तिचं उत्तर आधी फाइलीत उतरवायचं, तिचा आकडा पाहायचा, मग फाइल चाळायची. पाइपमधल्या कुणाचाही बिघाड धरायला 'पाइपफेल' नावाची सोय काही शेलांत बरीच वर्षं आहे आणि पॉझिक्सच्या २०२४च्या मानकातही ती आली. पण गिटच्या चाचण्यांना साध्यासुध्या, जुन्या शेलांवरही चालायचं असतं, त्यामुळे तिच्यावर विसंबून चालत नाही.

हे वाचून झालं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सांगलीची गप्प गप्प होती. ती तेव्हा एका कंपनीत कंत्राटावर होती. तिथे रोज रात्री एक स्क्रिप्ट चाले: कंपनीच्या सगळ्या कोडच्या भांडाराची दुसरीकडे ठेवलेली प्रत धड आहे का ते गिटकडून तपासायचं आणि सकाळी हिरवा दिवा लावायचा. स्क्रिप्ट कुणी लिहिली ते कंपनीत आता कुणाला आठवत नव्हतं. त्यात तपासणीचं उत्तर पडद्यावर दिसावं आणि लॉगमध्येही उतरावं म्हणून पाइप लावून पुढे 'टी' नावाची आज्ञा जोडली होती. टीचं काम आलेलं दोन ठिकाणी उतरवणं, आणि ते काम ती चोख करते. सांगलीच्या आमच्या मैत्रिणीनं एका दुपारी त्या स्क्रिप्टची नक्कल काढली आणि नकलेत प्रतीचा पत्ता बदलून अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरचा पत्ता घातला. दिवा हिरवा. मग तिनं खऱ्या प्रतीवर तपासणी पाइप काढून चालवली. प्रत अर्धवट होती. जुने लॉग उघडले तेव्हा कळलं, वर्षभराहून जास्त काळ ती अर्धवटच होती, आणि रोज सकाळी हिरवा दिवा पाहून सगळे कॉफी प्यायला जात होते.

नुकसान झालं नाही, कारण मूळ भांडार सुखरूप होतं. ते त्या वर्षात कधी गेलं असतं तर शंभरेक माणसांचं काम गेलं असतं. तिनं हे बैठकीत सांगितलं तेव्हा तिला पहिला प्रश्न आला तो असा, की हिरव्या स्क्रिप्टला तू हात का लावलास? तिचं कामाचं कार्ड चार महिन्यांनी संपणार होतं, नूतनीकरणाचा अर्ज पडून होता, आणि खोलीत ती सर्वांत नवी. तिनं उत्तर दिलं की मी मूळ स्क्रिप्टला हात लावलेला नाही, मी ती नापास होऊ शकते का एवढं पाहिलं. पुढच्या आठवड्यात पाइप काढला गेला, प्रत नव्यानं घेतली गेली. डिसेंबरात तिचं कंत्राट संपलं आणि वाढवलं गेलं नाही. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता हे कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. सध्या ती दुसरीकडे आहे.

सासूबाई तिकडे सहकारी बँकेत होत्या, छत्तीस वर्षं. हे ऐकून त्या म्हणाल्या, 'तेरीज जुळली की आमचे कारकून घरी पळायचे. अगं, तेरीज जुळते म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज सारखी, एवढंच. रक्कम भलत्याच्याच खात्याला टाकली तरी ती जुळतेच.' मग पुन्हा विणायला लागल्या. त्यांना आम्ही पाचवी मानतो.

सगळ्यात नाजूक प्रकार राहिला, आणि तो आम्हाला कळायला तीन शनिवार लागले. काही वेळा आज्ञा नापास व्हायलाच हवी असते. समजा, दोघांनी एकाच शाखेत काम केलं आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या नोंदी न घेताच आपल्या वर ढकलल्या, तर पहिल्याचं काम पुसलं जाईल. गिट अशा वेळी नकार देतं आणि तो नकार हीच त्याची लायकी. मग चाचणी लिहायची ती 'नकार मिळाला पाहिजे' अशी. शेलमध्ये त्यासाठी उद्गारचिन्ह आहे: आज्ञेपुढे ते लावलं की निकाल उलटतो, नापास ते पास. पण उद्गारचिन्हाला नकार आणि अपघात यांतला फरक कळत नाही. सोसायटीच्या फाटकावर रात्री अनोळखी माणूस आला आणि तो आत शिरला नाही. रखवालदारानं अडवलं म्हणून शिरला नाही, की रखवालदार चक्कर येऊन फाटकाला आडवा पडला होता म्हणून? उद्गारचिन्ह दोन्हींना शाबासकी देतं.

म्हणून गिटच्या मंडळींनी 'टेस्ट मस्ट फेल' नावाचं स्वतःचं फंक्शन ठेवलं आहे. आज्ञा यशस्वी झाली तर ते तक्रार करतं, कारण नकार हवा होता. आज्ञा मारली जाऊन संपली तरी तक्रार करतं. आज्ञा सापडलीच नाही, म्हणजे तो १२७, तरीही तक्रार. शुद्धीवर राहून, विचार करून दिलेला नकार तेवढा ते मान्य करतं. आणि हे फक्त गिटच्या आज्ञांसाठीच वापरायचं. ग्रेपसारख्या परक्या आज्ञेपुढे साधं उद्गारचिन्ह पुरे, कारण यंत्राबरोबर आलेली हत्यारं कोसळतात का ते तपासणं हे गिटचं काम नव्हे. हा भेद पुण्याच्या मैत्रिणीला फार पटला. 'आपल्या घरचं तेवढं बघा, शेजारच्यांचं त्यांचे ते बघतील.' पुण्याला शोभेल असंच बोलली.

याच्याशी गल्लत होणारी आणखी एक चीज म्हणजे 'टेस्ट एक्स्पेक्ट फेल्युअर'. नाव ऐकून वाटतं, नकाराच्या चाचणीसाठीच असेल. ती आहे माहीत असलेल्या मोडतोडीसाठी. हे सध्या बिघडलेलं आहे, आम्हाला ठाऊक आहे, दुरुस्त व्हायचंय, असं लिहून ठेवायचं. लिफ्टवर 'बंद आहे' पाटी लावतात तसं. सगळा निकाल त्यानं लाल होत नाही, आणि लिफ्ट कुणी दुरुस्त केली तर स्क्रिप्ट आपण होऊन सांगते की पाटी काढा. वाईट एवढंच, की अशी चाचणी भलत्याच कारणानं नापास होत असली, म्हणजे अगदी फाइलीचं नाव चुकीचं टंकलेलं असलं, तरी पाटी तशीच लटकत राहते.

आणि आवराआवर. चाचणी मध्येच फसली तर तिनं मांडलेला पसारा पुढच्या चाचणीच्या पायात येतो आणि मग ती भलतीच नापास होते. त्यासाठी कामाला लागतानाच 'संपल्यावर हे आवर' असं नोंदवून ठेवायचं फंक्शन आहे. पास होवो की नापास, आवरलं जातंच. गणपतीचा हॉल आठवा. नाटक पडलं तरी रात्री दहाला खुर्च्या रचूनच द्याव्या लागतात, नाहीतर अनामत रक्कम गेली.

डोंबिवलीचीचं अजूनही म्हणणं आहे की हे सगळं शेलमध्ये लिहिणंच चूक, इतक्या खुंट्या माराव्या लागतात तर भिंतच बदला. तिच्या बाजूनं एवढं मान्य करायला हवं की अलीकडे गिटनंही आतल्या लहान भागांच्या चाचण्या सी भाषेत लिहायला सुरुवात केली आहे. पण माणसं गिट वापरतात ते आज्ञा टंकूनच, तेव्हा त्या आज्ञांची परीक्षा शेलमध्येच झालेली बरी, असं उरलेल्या तिघींना वाटतं. वाद चालू आहे.

ज्या भगिनींना, आणि बंधूंनाही, यायचं असेल त्यांनी शनिवारी दहाला यावं. लॅपटॉप आणा. सुरुवातीला चाचण्या उघडू नका, त्यांच्याच फोल्डरमधली रीडमी फाइल वाचून या, तिथे यातलं पुष्कळसं नीट लिहिलेलं आहे. गिटमध्ये नव्यानं येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटी छोटी कामं सुचवली जातात. गिटचा निकाल गिळणारे पाइप शोधून ते सोडवणं हे त्यांतलंच एक आहे. नागपूरची असं एक काम करून पाठवायच्या तयारीत आहे. तिच्या तीन ओळींच्या दुरुस्तीचं स्पष्टीकरण सध्या अकरा ओळींचं झालं असून ते आम्ही कापतोय. चिवडा, चकली कृपया आणू नये. वाचनालयाला चालतं की नाही हा प्रश्न वेगळा, चुरा कीबोर्डात जातो.

— आम्ही चौघी, फ्रिस्को